आधी थेंब, मग आंबील

माझ्या भावाचं, बिभीषणचं, आयुष्यात एकच तत्त्व होतं: "तपासलं की निघतंय." त्याच्या मते रोग माणसात नसतो, मशीनमध्ये असतो. बोटाला मशीन लावलंच नाही तर तो अंगात शिरणार कुठून? या न्यायानं घरातले आरसे फोडून टाकले की म्हातारपण टळायला हवं. पण हे त्याला सांगायची सोय नव्हती, कारण करंजवाडीतली निम्मी माणसं त्याच्याच पंथातली, आणि त्या करंजवाडीची आरोग्यसेविका मी.

मी शिवकांता. सासर तेरचं, माहेर करंजवाडीचं, आणि सरकारनं नेमणूक दिली ती नेमकी माहेरच्या उपकेंद्रावर. लोक म्हणतात, भाग्यवान बाई. अहो, ज्या गावानं मला फ्रॉकला नाक पुसताना पाहिलंय, ते गाव माझ्या हातून सुई टोचून घेईल का? लेकरांना लस द्यायला आया येतात, गरोदर बायका येतात, तिथं माझं छान चालतं. पण चाळिशी ओलांडलेला गडी रक्तदाब किंवा साखर तपासायला आला असेल तर शपथ. एका शिबिराला तर दोनच पुरुष आले होते. एक सरपंच, ते फोटोपुरते. दुसरा चहापुरता.

बिभीषणचं कारण मात्र नुसत्या हट्टाचं नव्हतं. आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या, पायाला जखम झाली होती, ती महिनोन्‌महिने भरेना. ते हळद दाबत राहिले. साखर असल्याचं कळलं तेव्हा पाय काळा पडला होता. सोलापूरला दोन पायांनी गेलेले अण्णा एका पायानं परत आले आणि वर्षभर बाजेवर पडून गेले. त्या बाजेशेजारी आम्ही दोघं बसायचो. मी शिकले की दवाखान्यात लवकर जावं. बिभीषण शिकला की दवाखान्यात जाऊच नये. एकाच बाजेशेजारी बसून दोघांनी दोन उलटे धडे घेतले.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर भावजय महानंदा उपकेंद्रात आली आणि दार लोटून हळूच म्हणाली, "वन्सं, ह्ये लई वाळायलेत ओ. राती सारखं उठतेत. तांब्या पुरंना झालाय, आता कळशीच उशाला घेऊन झोपतेत."

तहान, वाळणं, रात्री उठणं. अण्णांचंही असंच सुरू झालं होतं. मी तशीच साखर तपासायचं मशीन घेऊन माहेरी गेले, तर पठ्ठ्या दोन्ही हात बगलेत घालून उभा. मी माझ्यापेक्षा दीड वर्षानं लहान असलेल्या त्या घोड्याला रागावले, विनवलं, रडूनही दाखवलं. भाऊबीजेला ओवाळताना म्हटलं, "मला ओवाळणी नको. तुझ्या रक्ताचा एक थेंब दे." तर त्यानं साडी घातली ताटात. तीही जरीची. त्या साडीची घडी मी अजून मोडली नव्हती, इतका राग होता मला.

त्याच सुमारास आमच्याकडं डॉ. कृष्णराज आले. कोल्हापूरचे, तरुण, बूट आरशासारखे. माणूस गुणाचा, कधी आवाज चढवत नाही. त्यांनी बैठकीत मोठ्या शिबिराची तारीख जाहीर केली आणि मी चमकले.

"सर, त्या दिवशी अमावस्या आहे," मी म्हटलं.

ते हसले. "सिस्टर, आपणच अमावस्या पाळायला लागलो तर लोकांना काय तोंड दाखवणार?"

सगळी बैठक माझ्याकडं बघायला लागली. पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला अंधश्रद्धाळू म्हणतो हा पोरगा! मला मिरची झोंबली. ती अमावस्या साधीसुधी नाही, येळवस आहे, आणि येळवशीला धाराशिव जिल्ह्यात गावात चिटपाखरू राहत नाही, सगळं गाव घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातं, हे मी एका वाक्यात सांगू शकले असते. नाही सांगितलं. बरं सर, म्हटलं. मनात म्हटलं, या, बघा.

येळवशीच्या सकाळी आमची गाडी करंजवाडीत शिरली. गाडीत डॉक्टर, मी आणि ड्रायव्हर बब्रुवान. मारुतीच्या पारावर घडीचं टेबल मांडलं, चादर अंथरली, फलक लावला. समोर एक कुत्रं येऊन बसलं. बराच वेळ झाला तरी दुसरं कोणी आलं नाही. डॉक्टर दोन गल्ल्या फिरून आले.

"सिस्टर, सगळ्या घरांना कुलपं आहेत. आपल्याला बघून पळाले की काय?"

"येळवस आहे सर," मी म्हटलं. "पांडवांची पूजा असते शेतात. सगळे शिवारात जेवतात."

"मग बैठकीत का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. अमावस्या आहे म्हणून."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता भडकणार. पण ते एकदम खो खो हसत सुटले. इतके की कुत्रंही उठून उभं राहिलं. "मीच गाढव," ते म्हणाले. "चला, मग शिवारातच जाऊ." तिथंच माझा अर्धा राग विरघळला. उरलेला अर्धा मी सवयीनं ठेवला.

बब्रुवानचा चेहरा तर उजळून निघाला होता. त्याला भज्जीचा वास पारावरच यायला लागला असावा.

शिवार काय सुरेख दिसत होतं त्या दिवशी! ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, बांधावर करडईची पिवळी फुलं. जागोजागी कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी केलेल्या, त्यांत पाच दगडांचे पांडव मांडलेले. प्रत्येक बांधावरून हाका येत होत्या. कारण आमच्याकडची रीत अशी की येळवशीला रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवायचं. नाही म्हणायचं नसतं. आणि कोणी उपाशी गेलाच, तर तो अपमान त्या माणसाचा नाही, शेताचा असतो.

पहिली हाक उत्तरेश्वर काकांची. सत्तरीचे, पण आवाज ढोलासारखा. "या, या सायेब! बसा पंगतीला! शिवकांते, ये गं बाई!"

"काका, जेवण नको," डॉक्टर अदबीनं म्हणाले. "आम्ही ड्युटीवर आहोत. फक्त तुमचा रक्तदाब आणि साखर बघतो, दोन मिनिटं."

"त्ये काय नगं. जेवा तुमी."

"नको काका, खरंच."

उत्तरेश्वर काकांचा चेहरा पडला. "अवो, येळवशीला पावणा उपाशी गेल्यावर रास लागंल का माझी? असं नगा करू सायेब. पाया पडतो."

डॉक्टरांनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. माणूस कोल्हापूरचा असला तरी डोकं चालणारं. टेबल काखेतून काढून त्यांनी बांधावर उघडलं आणि म्हणाले, "ठीक आहे काका. तुमचं आम्ही ऐकतो, आमचं तुम्ही ऐका. आधी थेंब, मग आंबील."

काका अडकले. एकीकडं सुई, दुसरीकडं शेताची अब्रू. त्यांनी पांडवांकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि डोळे गच्च मिटून बोट पुढं केलं. काका बसले म्हटल्यावर त्यांची दोन्ही मुलं बसली, सालगडी बसला, बायका बसल्या. मग द्रोण आले. भज्जी आली, म्हणजे आमच्याकडं भजी नव्हेत हो, सगळ्या हिरव्या शेंगा आणि भाज्या एकत्र शिजवलेली घट्ट भाजी. बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे आले, गव्हाची खीर आली, थंडगार आंबील आली. डॉक्टरांनी आंबिलीचा पहिला घोट घेतला आणि विचारलं, "हे रोज का करत नाही तुम्ही?"

बातमी आमच्यापुढं धावत गेली. दुसऱ्या शेतात पोचेपर्यंत मंडळी बाह्या वर करूनच उभी होती. एकदा एका शेतात पाहुणे जेवले म्हटल्यावर दुसऱ्या शेतातून ते उपाशी जाणं म्हणजे नाक कापल्यासारखं. आमच्यासाठी बांधाबांधांत चुरस लागली. गजराबाई आजीनं थेंब दिला आणि मशीनकडं बोट दाखवून म्हणाली, "झालं का बगून? मग द्या की माघारी." चौथ्या शेतात बब्रुवाननं पट्टा सैल केला. सहाव्यात तो झाडाखाली आडवा झाला आणि तिथूनच हात वर करून म्हणाला, "सिस्टर, माझीबी साखर बगा. आन् कमी सांगा."

इतक्या वर्षांत न सापडलेली माणसं मला त्या एका दिवसात सापडली. कोणाचा दाब भडकलेला, कोणाची साखर काठावर. मी प्रत्येकाला पुढच्या मंगळवारी उपकेंद्रात यायला सांगत होते, आणि पांडवांसमोर हो म्हटलेलं कोणी मोडत नाही हे मला ठाऊक होतं. मला नाचावंसं वाटत होतं. पण मन सगळं त्या शेवटच्या शेताकडं लागलेलं. आमच्या अण्णांचं शेत. ओढ्याच्या पलीकडचं.

बिभीषणला अर्थातच सगळं कळलं होतं. तो बांधावर हसत उभा. त्याच्या लेकीच्या, सोनालीच्या, सासरची माणसं तुळजापूरहून यायला उशीर झाला होता, म्हणून त्याची पूजा अजून व्हायची होती.

"या डॉक्टरसायेब! बसा, जेवा. तपासायचं म्हनत असाल तर म्या उद्या सकाळी येतो की उपकेंद्रात. पक्कं."

त्याचं 'उद्या' मी कितीदा ऐकलं होतं. मी तोंड उघडणार तोच डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बरं. मग आम्ही जेवायलाही उद्याच येतो."

व्याही हसले. बिभीषण हसला नाही. महानंदा हातात द्रोण धरून उभी होती, तिचे डोळे भरून आले. "असं कुटं असतंय का ओ," ती नवऱ्याला म्हणाली. "एक बोट तर द्यायचंय."

"आक्का, तू तर खा," तो माझ्याकडं वळला. "तू काय पावनी हायस व्हय? तुझंच शेत हाय."

"डॉक्टर उपाशी बसलेत आणि मी खाऊ?" मी म्हटलं. खरं तर माझ्या पोटात तिळाएवढीही जागा नव्हती. पण तोंड मी आठ दिवसांच्या उपाशी माणसासारखं केलं.

"तुला ठाऊक हाय म्या का देत न्हाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. मग वळून घोंगडं डोक्यावर घेतलं, चपला काढल्या, आंबिलीचं मडकं उचललं. "पूजा तर होऊ द्या. मग बगू."

आणि तो कोपीभोवती फिरू लागला. आंबील शिंपडत, येळवशीचा ठरलेला गजर मोठ्यानं ओरडत, "ओलगे ओलगे सालम पोलगे!" अण्णाही असंच घोंगडं घ्यायचे. मागून अगदी अण्णाच चालल्यासारखे वाटत होते. सगळे त्याच्यामागं ओरडत होते. दुसऱ्या फेऱ्याला व्याही जोरात हसले. "अवो इवाई, शेपूट फुटलंय तुमाला!"

खरंच, त्याच्या उजव्या पायामागं बाभळीची एक डहाळी फरफटत येत होती. पोरं टाळ्या पिटायला लागली. मीही हसले. मग मला दिसलं की ती डहाळी नुसती अडकलेली नव्हती. तिचा काटा त्याच्या तळव्यात गेला होता, पार बुडापर्यंत. प्रत्येक पाऊल तो त्या काट्यावर देत होता आणि तोंडानं आनंदात ओलगे ओलगे म्हणत होता. मातीत प्रत्येक पावलाला तांबडा ठिपका उठत होता.

माझं हसू तिथंच थांबलं. डॉक्टरही उठून उभे राहिले होते.

"बिभीषण, थांब. बस खाली."

"फेरे व्हायचेत अजून."

"बस म्हणते ना!" माझा आवाज असा काही निघाला की तो मडक्यासकट मटकन बसला. मी त्याचा पाय मांडीवर घेतला आणि काटा ओढून काढला. चांगला बोटभर होता. त्याच्या तोंडाकडं बघत काढला मी. पापणीसुद्धा हलली नाही त्याची.

"कसला काटा?" त्यानं विचारलं. मी तो त्याच्या तळहातावर ठेवला.

बिभीषण काट्याकडं बघत राहिला, मग पायाकडं, मग मातीतल्या ठिपक्यांकडं. शेतकऱ्याला साखर कळत नसेल, दाब कळत नसेल, पण बाभळीचा काटा काय असतो हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

"आक्का," तो हळू म्हणाला, "बैलाला काटा मोडला तर बैलबी थांबतंय गं."

मी मशीन काढलं. त्यानं धोतराला हात पुसला आणि बोट माझ्यासमोर धरलं. "घे तुझा थेंब. अण्णाच्या शेतात घे."

मी सुई टोचली. मशीनवर आकडा आला, तीनशेच्या पुढं. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावून कापसाच्या बोळ्यानं दोन्ही तळवे तपासले, बोटांच्या बेचक्या बघितल्या, जखम धुऊन पट्टी बांधली, मला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला लावलं.

"अण्णागत व्हनार का?" बिभीषणनं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "अण्णा उशिरा आले होते. तुम्ही लवकर सापडलात. औषध नियमित घ्या, पाय जपा, अनवाणी चालू नका. हा पाय तुमच्याकडंच राहील. तळव्याची जाण परत येईल की नाही ते मात्र आज नाही सांगता येणार."

बिभीषणनं मान हलवली. मग उठून, चपला घालून, उरलेले फेरे पुरे केले. आता थोडा हळू ओरडत होता. आणि मग त्यानं डॉक्टरांसमोर द्रोण ठेवला. "आता तर जेवा."

डॉक्टर जेवले. सातव्यांदा. आणि मीही जेवले, माहेरच्या शेतात, पोट फुटेपर्यंत. बिभीषणला खीर मिळाली नाही. तो आमच्याकडं असं बघत होता, की मला हसूही येत होतं आणि रडूही. घरी गेल्यावर मी जरीची साडी कपाटातून काढली.

पुढचं वर्ष मी त्याच्या मानगुटीवर बसून काढलं. गोळ्या, चालणं, दर मंगळवारी तपासणी. तपासणीत एक जीवनसत्त्वही फार कमी निघालं. त्याची इंजेक्शनं मीच दिली, एकही जास्त प्रेमानं दिलं नाही. रोज झोपताना महानंदा त्याचे तळवे बघायची, जसं लेकराचं अंग बघावं तसं. मंगळवारी उपकेंद्रासमोर पुरुषांच्या चपला दिसायला लागल्या. कळशी उशापासून पुन्हा माजघरात गेली.

यंदा डॉक्टरांनी शिबिर मुद्दाम येळवशीलाच ठेवलं. बैठकीत माझ्याकडं बघून म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी अमावस्या आहे ना नक्की?" आणि सगळ्या बैठकीसमोर मी हसले.

बिभीषणचं काय सांगू! जो माणूस हात बगलेत लपवायचा, तोच आता रस्त्याच्या कडेला बांधावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवत होता. "आधी थेंब! थेंबाबिगर आंबील न्हाय! ए, कुटं चाललाव? बोट दावा!" तेरहून आलेल्या एका मोटारसायकलवाल्याला त्यानं इतका आग्रह केला, की तो बिचारा साखर तपासून, जेवून, खीर बांधून घेऊन गेला. तो कोण होता ते अजून आम्हाला माहीत नाही.

पूजेच्या वेळी मात्र पुन्हा भांडण झालं. त्याला पांडवांभोवती अनवाणी फिरायचं होतं. डॉक्टर नाही म्हणाले. तो म्हणाला, "देवाम्होरं चपला घालून फिरू व्हय?" शेवटी मी खराटा घेतला. पदर खोचून कोपीभोवतीची सगळी वाट मी स्वतः झाडली, दोनदा झाडली, हातानं चाचपून बघितली. मग म्हटलं, "फीर आता. माझ्या नजरेसमोर."

त्यानं घोंगडं घेतलं, मडकं घेतलं. "ओलगे ओलगे सालम पोलगे!" पहिला फेरा झाला. दुसरा झाला. तिसऱ्या फेऱ्यात कोपीच्या मागं गेला आणि एकदम किंकाळी आली.

"अगं आयाई गं! मेलो!"

मी धावले. तो एका पायावर नाचत होता, आंबील सगळ्या अंगावर सांडलेली. उजव्या तळव्यात सराटा रुतला होता. मुगाएवढं काटेरी बोंड. माझ्या खराट्यातून सुटलेला.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"दुखतंय म्हंजी? जीव चाललाय की माझा!"

मी मटकन खाली बसले आणि मला रडूच फुटलं. महानंदा पदर तोंडाला लावून रडत होती. डॉक्टर टाळ्या वाजवत होते. बब्रुवाननं बांधावरून शिट्टी मारली, आणि काय झालं हे नीट न कळलेली सगळी पंगत उठून ओलगे ओलगे ओरडायला लागली. आणि मधोमध माझा भाऊ एका पायावर उभा राहून माझ्यावर खेकसत होता.

"आक्का, रडत काय बसलीस? काढ की सराटा!"